शेवटचे कंट्रोलर गप्प का होतात?

प्रश्न : आमच्या इमारतीत एसीचे बारा कंट्रोलर आरएस-४८५ वायरवर, मॉडबसने जोडले आहेत. शेवटचे तीन अधूनमधून संपर्क सोडतात. काय तपासावे?

उत्तर : आधी वायर कशी फिरवली आहे ते पाहा. ती एका कंट्रोलरमधून पुढच्यात, अशी एकाच ओळीत जायला हवी. मध्ये फाटे नकोत. पीळ दिलेली, शील्ड असलेली जोडी वापरा. फक्त दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा. शील्डला अर्थिंग एकाच टोकाला द्या. २३० व्होल्टची केबल त्याच पाइपात नको. प्रत्येक कंट्रोलरचा पत्ता वेगळा, १ ते २४७ मधला. बॉड रेट व पॅरिटी मात्र सर्वांची सारखी हवी. पॅनेल उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करा. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.