यंत्राची शिफारस आणि जुनें गाणें

गेल्या सत्रांत आमच्या वर्गांतील कांहीं मुलींनीं एका जपानी गायिकेस पत्र लिहावयाचें ठरविलें. तिचें 'मायोनाका नो डोआ' हें गाणें त्यांना फार आवडलें होतें, आणि पत्ता मिळविण्यासाठीं त्या आम्हांकडे आल्या. गाणें मोबाइलवर परवांपरवांच पुढें आलेलें; तेव्हां गायिकाही कोणी नवीन असावी, अशी त्यांची व आमचीही समजूत. शोध करतां कळलें कीं, गाणें १९७९ सालचें आहे आणि तें गाणारी मिकी मात्सुबारा २००४ मध्यें, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षीं, निवर्तली. पत्र अर्धें लिहून झालें होतें. मुली बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत.

हें गाणें तुम्हांस कोणीं दिलें, असें आम्हीं विचारलें. उत्तर आलें, "आपोआप आलें." या 'आपोआप' शब्दानें आमचें समाधान झालें नाहीं, म्हणून थोडा अभ्यास केला. तोच वाचकांपुढें ठेवीत आहों.

समजा, एका ठिकाणीं एक हजार श्रोते आहेत. त्यांपैकीं शंभरांनीं 'अ' हें गाणें ऐकलें, व त्या शंभरांतील चाळिसांनीं 'ब' हेंही ऐकलें. एवढ्यावरून 'अ' आवडणारास 'ब' आवडेल असें म्हणतां येईल काय? नाहीं. उरलेले नऊशें श्रोते काय करितात तें पाहिलें पाहिजे. त्यांतीलही तीनशें साठ जण 'ब' ऐकत असतील, तर प्रमाण दोन्हीकडे शेंकडा चाळीसच. म्हणजे 'ब' हें सर्वांनाच प्रिय, 'अ' शीं त्याचा विशेष संबंध नाहीं. परंतु नऊशेंपैकीं केवळ नऊ जणांनीं 'ब' ऐकलें असेल, तर मात्र या दोन गाण्यांत कांहीं नातें आहे खास. तें नातें कोणतें, हें यंत्रास ठाऊक नसतें व त्याची त्यास गरजही नसते. तें 'अ' ऐकणारापुढें 'ब' ठेवतें. ऐकणारानें शेवटपर्यंत ऐकलें तर पसंतीची खूण, आरंभींच सोडलें तर नापसंतीची. असा हा हिशेब लक्षावधि लोकांच्या बाबतींत अहोरात्र चालतो.

ही कल्पना आजची नव्हे. १९९४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत 'रिंगो' नांवाची योजना निघाली होती. लोकांनीं कलावंतांस गुण देऊन ते ई-मेलनें कळवावे, व यंत्रानें समान आवडीचीं माणसें शोधून एकाची आवड दुसऱ्यास सुचवावी, असा तो प्रकार. पुढें स्पॉटिफायनें २०१५ मध्यें दर सोमवारीं प्रत्येक श्रोत्यास तीस गाण्यांची निराळी यादी देण्यास प्रारंभ केला. जें गाणें फारसें कोणीं ऐकलेलेंच नाहीं, त्याची गति, ताल, नाद यांची मोजणी करूनही त्याचे शेजारी ठरवितां येतात. अशा मोजणींत चाळीस वर्षांपूर्वींचें गाणें कालच्या गाण्याशेजारीं सहज जाऊन बसतें.

जपानांतील मारिया ताकेउची यांच्या 'प्लास्टिक लव्ह' या गाण्याची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. तें १९८४ सालच्या 'व्हरायटी' या संग्रहांतील. शब्द व चाल स्वतः गायिकेची, वाद्यमेळ त्यांचे पति तात्सुरो यामाशिता यांचा. १९८५ मध्यें त्याची स्वतंत्र तबकडी निघाली, पण तिचा बोलबाला झाला नाहीं. २०१७ सालीं कोणा चाहत्यानें तें यूट्यूबवर ठेविलें. मग यंत्रानें तें असंख्य लोकांपुढें, त्यांनीं न मागतां, आणिलें. ज्यांना जपानीचें अक्षर कळत नाहीं असे देशोदेशींचे तरुण तें ऐकूं लागले. गाण्यासोबत गायिकेचें एक हसरें छायाचित्र होतें. तें मुळीं या गाण्याचें नव्हेच. १९८० सालच्या दुसऱ्याच तबकडीसाठीं अ‍ॅलन लेव्हन्सन या छायाचित्रकारानें काढलेलें! त्याचें नांव कोठेंही नव्हतें. त्यानें हक्क सांगितल्यावर २०१८ मध्यें तें गाणें तेथून निघालें, आणि २०१९ मध्यें त्याचें नांव घालून पुनः आलें.

आमच्या मतें या विषयाचें मर्म येथेंच आहे. घरांत मामा किंवा आत्या 'हें ऐक' म्हणून एखादें गाणें देते, तेव्हां त्यासोबत हकीकतही देते: चाल कोणाची, साल कोणतें, आपण तें प्रथम कोणाच्या घरीं ऐकलें. यंत्र गाणें देतें, हकीकत हातीं देत नाहीं. ती ज्याची त्यानें काढावी लागते. शिवाय जें गाणें तबकडीवर वा कॅसेटवरच राहिलें, यंत्राच्या भांडारांत गेलेंच नाहीं, त्याची शिफारस तें कधींच करूं शकणार नाहीं. माळ्यावरच्या जुन्या पेट्या उघडण्याचें काम पालकांनाच करावें लागेल.

मुलींनीं मात्र त्यानंतर पुष्कळ माहिती मिळविली. 'मायोनाका नो डोआ' म्हणजे मध्यरात्रीचें दार. त्यांतील 'डोआ' हा इंग्रजी 'डोअर'च जपानी मुखांत शिरून तसा झालेला. शब्द योशिको मिउरा यांचे, चाल तेत्सुजी हायाशी यांची. २०२० मध्यें इंडोनेशियांतील रेनिच या गायिकेनें तें पुनः गाइलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मूळ गाणें स्पॉटिफायच्या जगभर झपाट्यानें पसरणाऱ्या गाण्यांच्या यादींत सर्वांच्या वर जाऊन बसलें. गाणारीस जाऊन तेव्हां सोळा वर्षें झालीं होतीं.

अर्धें राहिलेलें पत्र फाडलें नाहीं. मायना बदलून तें आतां संगीतकारांच्या नांवें लिहिलें जात आहे. जपानी रीतीनें वडील माणसास मायना कसा लिहितात, हें कोणा पालकांस ठाऊक असल्यास त्यांनीं शाळेकडे अवश्य कळवावें.