पिंगुळीचे कला अंगण

कर्जत तालुक्यात कळंबच्या आसपास राहणाऱ्या लोकांना ठाकरवाडी हा शब्द नवा नाही. ठाकर नावाचा समाज कोकणच्या दक्षिण भागातही आहे. मात्र तेथे त्याची ओळख निराळी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर पिढ्यान्‌पिढ्या चित्रे दाखवून कथा सांगत आले आणि बाहुल्या नाचवीत आले. या कलेला चित्रकथी म्हणतात.

चित्रकथीची पोथी म्हणजे अक्षरांनी भरलेला ग्रंथ नव्हे. रामायणातील किंवा महाभारतातील एखादे आख्यान घ्यावयाचे, त्यातील प्रसंग कागदावर रंगवावयाचे आणि दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवावयाची. अशा सुट्या पानांचा संच म्हणजे एक पोथी. प्रमुख कथेकरी एकेक पान श्रोत्यांसमोर धरतो, गाऊन व बोलून त्यातील प्रसंग सांगतो. साथीला वीणा, हुडूक आणि टाळ असतात. चित्रातील राम आणि रावण जागचे हलत नाहीत, परंतु सांगणाऱ्याच्या आवाजाने त्यांच्यात चैतन्य येते. म्हणूनच भिंतीवर टांगलेले चित्र कितीही सुंदर असले, तरी ती अर्धीच चित्रकथी होय. याच समाजाकडे दोऱ्यांनी नाचविण्याच्या लाकडी कळसूत्री बाहुल्या आहेत, तसेच दिव्याच्या उजेडात पडद्यावर सावल्या पाडणाऱ्या चामड्याच्या बाहुल्याही आहेत. पांगुळ बैल, राधा नृत्य, गोंधळ अशा आणखीही कला आहेत. एकंदर अकरा कला सांगितल्या जातात.

या कलांना पूर्वी सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याचा आश्रय होता. कोणत्या घराने कोणत्या गावच्या देवळात खेळ करावयाचा, हे ठरलेले असे. नवरात्रात देवळात दिवे लागले, की ठाकर आपली पोथी घेऊन हजर होत. गावकरी त्यांना धान्य देत आणि वर्षाचा थोडासा आधार होई.

पुढे संस्थाने गेली, करमणुकीची नवी साधने आली आणि देवळातील खेळाभोवतीची गर्दी ओसरली. दारोदार मिळणाऱ्या शिध्यावर जगण्यात तरुणांना कमीपणा वाटू लागला. तो वाटणे स्वाभाविकच होते; उपाशी पोटी परंपरा जप, असे कोणी कोणाला कसे सांगावे? कित्येक जुनी चित्रे संग्राहकांच्या हाती गेली. चित्रे निदान कोठेतरी सुरक्षित राहिली. पण ती दाखविताना म्हणावयाची गीते वृद्धांच्या मुखी होती, आणि वृद्ध तर एकेक करून जात होते.

अशा काळात परशुराम गंगावणे यांनी ही कला सोडली नाही. ती त्यांना घरातच मिळाली होती. केवळ आपल्यापुरता खेळ करून ते थांबले नाहीत. आपल्या मुलांना आणि इतरांनाही त्यांनी ती शिकविली. लोक देवळात येत नसतील, तर लोकांना येता येईल असे एक ठिकाण आपणच उभारावे, असा मार्ग त्यांनी धरला. मोठी इमारत बांधण्याइतके द्रव्य जवळ नव्हते. घरचा गुरांचा गोठा मात्र होता. 2006 साली त्या गोठ्याचेच त्यांनी संग्रहालय केले आणि त्याला ‘ठाकर आदिवासी कला अंगण’ असे नाव दिले.

अंगण हा शब्द मोठा समर्पक आहे. संग्रहालयात वस्तू काचेआड ठेवून पाहावयाच्या असतात. अंगणात माणसे बसतात, बोलतात, गातात. येथे जुन्या पोथ्या, बाहुल्या आणि वाद्ये पाहावयास मिळतात. शिवाय पाहुण्यांसमोर खेळही होतो. नवी चित्रे रंगविली जातात, ती विकत घेता येतात आणि शिकू इच्छिणाऱ्यांना शिकताही येते. देवळातील ठरलेल्या शिध्याची जागा अशा रीतीने कष्टाच्या मोबदल्याने घेतली. चित्रकथी दाखविणारा आता कोणाच्या दारी जात नाही. पाहणाराच त्याच्या दारी येतो. समाजाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

2021 साली भारत सरकारने गंगावणे यांना ‘पद्मश्री’ जाहीर केली, तेव्हा पिंगुळीचे नाव देशभर पोचले. कोकण रेल्वेने कुडाळ स्थानकावर उतरल्यास हे गाव जवळच आहे. जेथे एके काळी गुरे बांधली जात, तेथे आता पाहुणे बसतात. हुडुकाचा ठेका सुरू होतो आणि कथेकरी पोथीचे पहिले पान समोर धरतो.