आपला माळ, आपले पाणी, आपली माणसे

मी इयत्ता चौथीत शिकते. तिसरीत आपण जिल्ह्याचा भूगोल शिकलो. त्यात जमीन, नद्या, पिके आणि लोकसंख्या असे वेगवेगळे भाग होते. पण मला वाटते, हे सगळे एका दोरीने बांधलेले आहे. जशी जमीन तसे पाणी, जसे पाणी तशी पिके आणि जशी पिके तशी गावात माणसे. म्हणून मी हा पाठ एकत्र लिहिला आहे. भित्तिपत्रक वाचायला आलेल्या आईवडिलांनी शेवटचा भाग जरूर वाचावा.

स्थान

आपला तुळजापूर तालुका धाराशिव जिल्ह्यात आहे. जिल्ह्यात ८ तालुके आहेत. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा आणि वाशी. १९८२ पर्यंत लातूरसुद्धा याच जिल्ह्यात होते. २०२३ पर्यंत जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते. म्हणून २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा शोधायचा असेल, तर उस्मानाबाद या नावाने शोधावा लागतो.

जमीन

तुळजापूर बालाघाटच्या डोंगरावर आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर आहे. सोलापूरची उंची सुमारे ४५० मीटर आहे. म्हणून सोलापूरहून तामलवाडीमार्गे येणारी एस.टी. शेवटी घाट चढते, तेव्हा इंजिन घुरघुर करते.

आपला खडक काळा आहे. त्याला बेसाल्ट म्हणतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा बाहेर आला आणि थंड झाला, त्याचा हा खडक झाला. खडक झिजून माती होते. वरच्या माळावर मुरूम आहे. तिथे कुसळी गवत येते आणि शेरडे चरतात. उस्मानाबादी शेळी सगळीकडे प्रसिद्ध आहे, ती आपल्याच भागातली. खालच्या बाजूला काळी माती आहे. ती ओल धरून ठेवते. म्हणून थंडीत पाऊस नसला तरी रब्बीची ज्वारी येते.

पाऊस आणि पाणी

आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७५० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हे सगळे पाणी जागच्या जागी साठले, तर ते माझ्या कमरेच्या जरा वर येईल. कोकणात २५०० मिलीमीटरच्याही वर पाऊस पडतो. तितके पाणी साठले तर आपल्या शाळेचे दार बुडेल! शिवाय आपला पाऊस दरवर्षी सारखा पडत नाही. कधी जूनमध्ये येतो आणि जुलैत गायब होतो.

पडलेले पाणीही इथे थांबत नाही. बालाघाट म्हणजे घराच्या आढ्यासारखा आहे. आढ्याच्या एका बाजूचे पाणी तेरणा नदीतून मांजरा नदीत आणि तिथून गोदावरीला जाते. दुसऱ्या बाजूचे पाणी बोरी नदीतून भीमेत आणि तिथून कृष्णेला जाते. दोन्हीकडचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. आपण मात्र आढ्यावर बसलेलो. म्हणून पाणी अडवावे लागते. आपल्याच तालुक्यात नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बंधारा आहे. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. तो १६१३ साली बांधला. पाणी अडवायचे शहाणपण इथे ४०० वर्षांपूर्वीच होते.

माझे आबा १९७२ च्या दुष्काळात माझ्यापेक्षा थोडे मोठे होते. ते सांगतात, "आई खडी फोडायला जायची अन् आमाला कामावरची सुकडी मिळायची. हिरीत पाणी नव्हतं, नुसता गाळ व्हता." २०१६ च्या उन्हाळ्यात तर शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

पिके

खरिपात सोयाबीन, तूर, उडीद आणि मूग घेतात. रब्बीत ज्वारी आणि हरभरा घेतात. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे, ते द्राक्षे आणि ऊस लावतात. कोरडवाहू शेतात हरभरा पेरून झाला, की पुढे फार काम राहत नाही. मग पुष्कळ माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. मुकादम आधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती दोघे कारखान्याजवळ कोपी करून राहतात. हंगाम संपला, की पाडव्याच्या आगेमागे परत येतात. म्हणजे आपल्या गावातून पाणीही जाते आणि माणसेही जातात. पण माणसे परत येतात.

लोकसंख्या

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. १०० पैकी ८३ माणसे खेड्यात राहत होती. एक चौरस किलोमीटरमध्ये सरासरी २१९ माणसे होती. महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती. याचा अर्थ आपल्याकडे वस्ती विरळ आहे. पाणी कमी आणि कारखाने कमी, म्हणून असे आहे.

तुळजापूर शहराची लोकसंख्या तेव्हा सुमारे ३४ हजार होती. पण नवरात्रात आणि कोजागिरीला तिथे लाखो माणसे येतात. तेव्हा रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. ती माणसे तुळजापूरच्या लोकसंख्येत धरत नाहीत, कारण ती दर्शन घेऊन आपापल्या घरी जातात. आपल्या गावाचे याच्या उलट आहे. इथे राहणारी माणसेच बाहेर असतात.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण आईबापाबरोबर ऊसतोडीला जाते. हा पाठ मी तिला वाचून दाखवला. तिने विचारले, "मग आमाला कुठं मोजत्यात?" मला उत्तर आले नाही. मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी सांगितले ते असे.

२०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारीपर्यंत घरोघरी जाऊन माणसे मोजली. या दिवसांत जो एकदाही घरी आला नाही, त्याचे नाव घरी लिहायचे नाही. तो जिथे सापडेल तिथे लिहायचे. ज्यांना घर नाही, त्यांना २८ फेब्रुवारीच्या रात्री मोजले. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे पुढे गेली. जून २०२५ मध्ये सरकारने नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख जाहीर केली. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊसतोड चालू असते. म्हणजे तेव्हा माझी मैत्रीण गावात नसते, कोपीवर असते. शाळेचा पट मात्र ३० सप्टेंबरचा धरतात. तेव्हा ती माझ्या शेजारी बसलेली असते. दोन्ही मोजण्या खऱ्या, पण आकडे वेगळे!

यात काय बिघडते? एक गणित करू. नळयोजना करताना दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरतात. गावात १००० माणसे असली, तर ५५,००० लिटर पाणी लागेल. समजा २०० माणसे कोयत्यावर गेली आणि ८०० च मोजली, तर ४४,००० लिटर होईल. पण उन्हाळ्यात, पाणी सगळ्यात कमी असते तेव्हाच, ती २०० माणसे परत येतात. त्यांना ११,००० लिटर कमी पडेल. ग्रामपंचायतीचे सदस्य किती असावेत, हेही लोकसंख्येवर ठरते. १५०० पर्यंत ७ आणि त्यापुढे ३००० पर्यंत ९.

पालकांना विनंती

जनगणनेच्या दिवसांत तुम्ही कोपीवर असाल, तर तिथे आपली व मुलांची नावे लिहून घेतली की नाही, ते बघा. कुठेच नाव नसणे सगळ्यात वाईट. ग्रामसभेत सांगा, की पाण्याचा हिशोब करताना कोयत्यावर गेलेली माणसेही धरा.

दुसरे, जायच्या आधी गुरुजींना भेटा. मूल आजीजवळ राहणार असेल, तर हंगामी वसतिगृहात त्याची जेवणाची सोय होऊ शकते. मूल बरोबर नेणार असाल, तर शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवले, की तिकडच्या शाळेत बसता येते. दिवाळीनंतर आमच्या वर्गात जागा रिकाम्या होतात, ते आम्हाला आवडत नाही.

स्वाध्याय

१. आपल्या ओढ्याचे पाणी शेवटी कोणत्या मोठ्या नदीला मिळते, ते नकाशात शोधा.
२. तुमच्या घरात ३० सप्टेंबरला किती माणसे असतात आणि १ मार्चला किती असतात, ते लिहा.
३. दोन्ही आकड्यांची वजाबाकी करा. जे उत्तर येईल ती माणसे कुठे गेली, ते घरी विचारा.