नवी लिनक्स प्रणाली सुरू न झाल्यास

शाळेच्या संगणकावर जुनी विंडोज राखून तिच्याशेजारी उबुंटू बसविले जाते. काम पूर्ण झाल्याची सूचना येते. परंतु संगणक पुन्हा सुरू करताच पडदा काळा राहतो. अशा वेळी घाईने सर्व स्थापना पुन्हा करण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या घाईत 'डिस्क पुसा' हा पर्याय निवडला गेल्यास निकालपत्रके व मुलांच्या नोंदी नाहीशा होतात.

वाफ्यात पाणी आले नाही म्हणून शेतकरी नवी विहीर खणत नाही. तो पाटाच्या कडेने चालत जाऊन पाट कोठे फुटला ते पाहतो. येथेही तीच रीत होय.

संगणक सुरू होण्याचा क्रम

प्रथम यंत्रातील यूईएफआय हा कार्यक्रम जागा होतो. तो डिस्कवरील ग्रबला शोधतो. ग्रब हा लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो. कर्नल यंत्राचे भाग ओळखून सिस्टमडीकडे कारभार सोपवितो. त्यानंतर प्रवेशाचा पडदा दिसतो. हा क्रम कोठे थांबला, हे आधी ठरवावे.

१. ग्रबची यादी दिसतच नाही : स्थापनेचा पेनड्राइव्ह काढला आहे काय ते पाहावे. संगणक सुरू होताना एफ २, एफ १२ किंवा डिलीट यांपैकी त्या यंत्राची कळ दाबून सुरू होण्याचा क्रम तपासावा व उबुंटू हे नाव सर्वांत वर आणावे. विंडोज यूईएफआय पद्धतीची असून उबुंटू जुन्या लेगसी पद्धतीने बसविले गेले असल्यासही हा दोष उद्भवतो. दोहोंची पद्धत एकच असावी.

२. यादी दिसते, मग पडदा काळा होतो : बहुधा चित्रपडद्याचे कार्ड व त्याचा ड्रायव्हर यांचा मेळ बसलेला नसतो. यादीतील उबुंटूवर थांबून 'ई' कळ दाबावी. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी ही अक्षरे सलग, लहान लिपीत लिहावी व एफ १० दाबावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. संगणक सुरू झाल्यावर योग्य ड्रायव्हर बसवावा.

३. पासवर्ड बरोबर असूनही प्रवेशाचाच पडदा परत येतो : कंट्रोल, ऑल्ट व एफ ३ या कळा एकत्र दाबाव्या. अक्षरांच्या पडद्यावर नाव व पासवर्ड देऊन डी-एफ, जागा, उणे चिन्ह, एच असे लिहावे. उबुंटूच्या मूळ भागापुढे शंभर टक्के दिसल्यास जागा संपलेली आहे असे समजावे व नको असलेल्या फाइली काढाव्या.

शिक्षकांस सूचना

एका वेळी एकच बदल करावा. पडद्यावरील शेवटची ओळ व केलेला बदल वहीत लिहून ठेवावा. पुन्हा स्थापना अटळच झाली, तर आधी पेनड्राइव्हवरून उबुंटू केवळ वापरून पाहण्याच्या पर्यायाने सुरू करावे व शाळेच्या फाइली दुसऱ्या साधनावर उतरवून घ्याव्या.

वरच्या वर्गातील मुलांना ही तपासणी जवळून पाहू द्यावी. सुरू होण्याचा क्रम फळ्यावर लिहून 'येथे क्रम कोणत्या पायरीवर थांबला?' असे त्यांना विचारावे. यंत्राच्या दुरुस्तीबरोबरच पायरीपायरीने विचार करण्याचा पाठही त्यांना मिळेल.