चारचा चहा आणि कडक भाकरी

दुपारचे चार वाजले की कचेऱ्यांतून चहाबरोबर भजी-वड्यांच्या बशा फिरू लागतात. पुष्कळदा ही पोटाची भूक नसते. बैठ्या कामाचा शीण असतो आणि पुढे केलेली बशी नाकारण्याचा संकोच असतो. तळणीचे तेल वारंवार तापविल्याने त्यात अपायकारक संयुगे साठतात. ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल वापरण्यास १ जुलै २०१८ पासून देशात मनाई आहे. परंतु भज्याकडे पाहून तेलाची अवस्था कळत नाही.

अशा वेळी केवळ निग्रह पुरत नाही. हाताशी पर्याय हवा. सोलापूर जिल्ह्यात तो घरचाच आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. त्यामुळे पोट अधिक काळ भरलेले राहते. ज्वारीची कडक भाकरी तळावी लागत नाही, अनेक दिवस टिकते आणि मेजाच्या खणातही मावते. सोबतच्या शेंगाचटणीत तेल व मीठ असल्याने ती मात्र चमचाभरच घ्यावी.

कार्यालयांत तेल व साखरेचे प्रमाण दर्शविणारे फलक लावावेत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२५ मध्ये सुचविले. फलकाबरोबर बशीही बदलावयास हवी. पंचायतीच्या सभेत व शिक्षकांच्या बैठकीत कडक भाकरी, फुटाणे वा डाळिंबाचे दाणे ठेवले, तर ‘नको’ म्हणण्याचा प्रसंगच कोणावर येणार नाही.