वृद्धापकाळाची तरतूद : दुकान मुलांच्या नावे करण्यापूर्वी

आपला व्यापारी बांधव माल भरताना दहा ठिकाणी भाव विचारतो, उधारीची चिठ्ठी जपून ठेवतो, पण स्वतःच्या म्हातारपणाचा हिशोब मात्र करीत नाही. "मुले आहेत, अल्लाह मालिक आहे" एवढ्यावर विषय संपतो. मुले ही नेमत आहेच. परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा खर्च कोणी, किती आणि कशातून करायचा हे ठरलेले नसेल, तर चांगल्या घरातही तेढ पडते. आम्ही हे आमच्याच घरी पाहिले आहे.

आमच्या वडिलांनी कापडाचे दुकान आम्हा दोघा भावांना हिबा करून दिले. कागद नाही, अट नाही. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला. इस्पितळाचे बिल आम्ही भावांनी भरले आणि कर्तव्य झाले असे समजलो. त्यानंतर तीन वर्षे परळच्या चाळीतील खोलीत त्यांचे सर्व काही आमच्या विधवा बहिणीने केले. आयाबाईच्या पगारासाठी तिने बांगड्या मोडल्या, हे आम्हांला दफनविधीनंतर कळले. म्हणून हा लेखनप्रपंच.

खर्चाचा अंदाज

एका पाळीच्या आयाबाईला रोजचे 800 रुपये धरले, तर महिन्याला 24,000 आणि दोन पाळ्यांचे 48,000 होतात. वर्षाचे 5,76,000 आणि तीन वर्षांचे 17,28,000. औषधे व व्यायामाचा खर्च वेगळा. साधारण विमा इस्पितळाचे बिल देतो, घरच्या आयेचा पगार देत नाही. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. ते कार्ड जरूर काढावे, पण तेही इस्पितळातील उपचारांसाठीच आहे.

कायदा काय देतो?

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा 2007 साली झाला आणि महाराष्ट्रात 1 मार्च 2009 पासून लागू आहे. तो सर्व धर्मीयांसाठी आहे. आईवडील मुलगा व मुलगी दोघांकडूनही निर्वाह मागू शकतात. ज्याला मूल नाही असा साठीपुढचा माणूस, ज्याला त्याची मालमत्ता मिळणार आहे अशा नातेवाइकाकडे मागू शकतो. अर्ज न्यायाधिकरणाकडे करायचा, वकिलाची गरज नाही. निकाल नोटिशीपासून 90 दिवसांत व्हावा, फार तर आणखी 30 दिवस, असा नियम आहे. मात्र निर्वाहाची कमाल मर्यादा महिन्याला 10,000 रुपये आहे. वरच्या हिशोबात त्यातून एका पाळीचाही पगार निघत नाही. तेव्हा कायद्यावर सर्व भिस्त ठेवता येत नाही.

हिबा करताना

आपल्याकडे देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे या तीन गोष्टींनी हिबा पुरा होतो. कागद लागत नाही. हीच सोय पुढे अडचण होते. हनफी मतानुसार मुलाला ताबा दिल्यावर हिबा परत घेता येत नाही. शाफई मतानुसार, आणि आपले कोकणी बांधव बहुतांशी शाफई आहेत, बापाला घेता येतो. पण हे वाद घरात उपस्थित होण्याची वाट का पाहावी?

2007 च्या कायद्याचे 23 वे कलम सांगते की, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकते. खरी गोम अट सिद्ध करण्यात आहे. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशी अट होती हे दाखवता आले नाही तर या कलमाचा आधार मिळत नाही. उलट जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातील एका आईचे दानपत्र त्याच न्यायालयाने रद्द ठरवले, कारण सांभाळाचे लेखी वचन तिच्यापाशी होते.

दुसरी वाट जुनी आहे. 1867 साली लखनौच्या नवाब घराण्यातील खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असा हिबा मान्य केला, ज्यात सरकारी रोख्यांची मालकी मुलाला दिली होती, पण हयातभर उत्पन्न बापाने स्वतःकडे राखले होते. मालकी मुलाची, कमाई बापाची.

वसीयत आणि पागडीची खोली

दफनाचा खर्च व कर्ज फेडून उरेल त्याच्या एकतृतीयांशापुरतीच वसीयत करता येते. सुन्नी मतानुसार वारसाच्या नावे केलेली वसीयत इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. म्हणजे सेवा करणाऱ्या मुलीला काही द्यायचे असेल, तर हयातीतच द्यावे.

गिरगाव, लालबाग, परळ येथील पागडीच्या खोलीचा नियम आणखी वेगळा. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली ठरवले. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे, मृत्यूसमयी भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे खोली जाते, आणि दुकान तेथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाकडे. आमच्या वडिलांनी "खोली बहिणीला" असे तोंडी सांगितले होते, त्याला किंमत नव्हती. ती त्यांच्याजवळ राहत होती म्हणूनच तिचे छप्पर वाचले.

आमचा सल्ला

1. हिबा लेखी करावा. सांभाळाची अट त्यात स्पष्ट घालावी, मुलांच्या व साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

2. सर्व मालमत्ता एकदम देऊ नये. एखादा गाळा किंवा दुकानातील काही हिस्सा स्वतःच्या नावे ठेवावा. हयातीत भाडेपावती दुसऱ्याच्या नावे करू नये.

3. दुखण्याच्या खर्चाचे वेगळे पान खातेवहीत ठेवावे. कोणी किती दिले आणि ते कर्ज म्हणून की कर्तव्य म्हणून, हे त्याच वेळी लिहावे. कर्ज असेल तर ते वारसांच्या वाटणीपूर्वी फिटते.

4. बँकेच्या खात्याला दुसरे नाव वेळीच जोडावे. देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारपत्र संपते, हे पुष्कळांना माहीत नसते.

5. सेवा करणारी मुलगी किंवा सून असेल, तर पैशाचा भार भावांनी वाटून घ्यावा.

हे सर्व हातपाय चालत असतानाच करावे. मसुदा वकिलाला दाखवावा आणि मसलकाचा प्रश्न आलिमांना विचारावा. बहिणीच्या बांगड्यांचे पैसे आम्ही भावांनी नंतर दिले. तिने घेतले, पण ते वडील असतानाच द्यायला हवे होते.