फाटकावरची वही

पोरी, येत्या सोमवारी तू कंपनीच्या अकाउंट्समध्ये रुजू होतेस. सी.ए.ची पुस्तकं तू माझ्यापेक्षा जास्त वाचली आहेस. पण पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत 34 वर्षं किर्द-खतावणीपासून ताळेबंदापर्यंतची कामं करताना जे उमगलं, ते तुला आत्याकडूनच ऐकावं लागेल.

पहिल्या आठवड्यात नुसती संगणकात डोकं घालून बसू नकोस. कारखान्याच्या फाटकावर जा, वॉचमनची आवक-जावक वही बघ. स्टोअर्समधल्या माणसांबरोबर चहा घे. गाडी भरली, चलन झालं, गाडी निघाली, यांत मध्ये किती वेळ जातो ते विचार.

हे मला फार उशिरा कळलं. नोकरीतल्या माझ्या दुसऱ्या मार्चअखेरीला विक्रीचं टार्गेट थोडक्यात हुकत होतं. 31 मार्चच्या रात्री साहेबांनी सात बिलं फाडायला सांगितली. माल तयार होता, गिऱ्हाईक खरं होतं, फक्त गाड्या आल्या नव्हत्या. "दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. मी बिलं फाडली. गाड्या 4 एप्रिलला निघाल्या. नव्या वर्षाची विक्री जुन्या वर्षात जाऊन बसली होती, त्यामुळे नवं वर्ष तेवढ्याने तुटीतच सुरू झालं. ती तूट भरायला पुढच्या मार्चला अकरा बिलं लागली. त्या वर्षी ऑडिटला आलेल्या आर्टिकलशिपच्या एका मुलाने फाटकावरची वही मागून घेतली. बिलांवर 31 मार्च, वहीत एप्रिल. त्याने दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि काही न बोलता उभा राहिला. साहेबांनी त्या प्रकाराला 'अकाउंट्सची चूक' म्हटलं. बिलांवर सही माझी होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि आजही ते आठवलं की कान तापतात.

तेव्हा मालाचा ताबा गिऱ्हाइकाकडे गेल्याशिवाय विक्री धरायची नाही. इंड-एएस 115 हे लेखा मानक तेच सांगतं, वॉचमनची वहीही तेच सांगते. बिल आणि वही यांचं जुळलं नाही, तर आधी वहीवर विश्वास ठेव.

'सत्यम' या आयटी कंपनीचं प्रकरण तू अभ्यासात वाचलं असशील. ते पुन्हा वाच, पण या नजरेने. 7 जानेवारी 2009ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, तेव्हा ताळेबंदात रोकड आणि बँकेतली शिल्लक म्हणून 5,361 कोटी रुपये दिसत होते. त्यातले 5,040 कोटी नव्हतेच. सुरुवातीला खरा नफा आणि दाखवलेला नफा यांत किरकोळच फरक होता, मग तो वर्षागणिक वाढत गेला, असं त्याच पत्रात आहे. माझी सात बिलं आणि ते हजारो कोटी यांची बरोबरी करायची नाही मला, पण पहिली पायरी तीच. मुख्य म्हणजे मंडळावर नामवंत स्वतंत्र संचालक होते, लेखापरीक्षक जगभर नाव असलेले होते, आणि आदल्याच वर्षी कंपनीला सुशासनाचा पुरस्कारही मिळाला होता.

मग कमी काय पडलं? बँकेत पैसे आहेत की नाहीत, हे बँकेला सरळ विचारण्याचं काम. शिलकीचे दाखले कंपनीच्याच हातून लेखापरीक्षकांकडे येत राहिले आणि ते खरे मानले गेले. म्हणून तुला बजावते: ज्याचा हिशेब तपासायचा, त्याच्या हातून पुरावा घ्यायचा नाही. मुदतठेवीच्या पावतीची फोटोकॉपी पुरे मानू नकोस. पत्र बँकेच्या पत्त्यावर जाऊ दे, उत्तर थेट लेखापरीक्षकांकडे येऊ दे. बँकेचा पत्ता आणि ई-मेलही तू स्वतः शोध, कुणी चिठ्ठीवर लिहून दिलेला वापरू नकोस. मोठ्या येण्यांचंही तसंच.

याद्यांबद्दल एक. कुणी सुबक यादी आणून दिली, तर तिच्यातली पंचवीस नावं खातेवहीत शोध. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एकाच बांधकाम समूहाची 44 कर्जखाती झाकण्यासाठी रिझर्व्ह बँकेला दाखवायच्या यादीत 21,049 खोटी खाती घातली होती. सप्टेंबर 2019मध्ये निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना आधी फक्त 1,000 रुपये काढायची मुभा मिळाली. निवृत्त माणसं, रिक्षावाले, गृहनिर्माण संस्था, सगळे शाखेबाहेर रांगेत. आपण भरतो तो आकडा कुणाच्या तरी घरखर्चाशी जोडलेला असतो, हे मला त्या रांगा बघून नव्याने टोचलं.

खर्च भांडवली करण्याचा मोह कारखान्यात फार. दुरुस्तीचं बिल मशिनरीच्या खात्यात टाकलं की नफा त्याच दिवशी वाढतो. अमेरिकेत 'वर्ल्डकॉम' या दूरसंचार कंपनीने दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरल्याचा खर्च असाच मालमत्तेत दाखवला. 2002 साली पहिल्यांदा जाहीर झालेला आकडा 3.8 अब्ज डॉलरचा होता. तो शोधला कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने, सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, रात्री थांबून थांबून. त्या बाईंचं मला फार अप्रूप आहे.

संचालकांच्या नातलगांच्या फर्म कोणत्या, याची यादी हाताशी ठेव. नव्या पुरवठादाराचा पत्ता तिच्याशी ताडून बघ.

आता सगळ्यात अवघड. एखादा साहेब संध्याकाळी सातला खुर्चीजवळ येऊन हळू आवाजात नोंद सांगेल. भांडू नकोस, 'हो'ही म्हणू नकोस. "सर, आधार काय लावू?" एवढंच विचार, आणि घरी जाण्याआधी त्यांना मेल कर: आपण अशी नोंद सुचवली, तिला कोणता कागद जोडायचा ते कळवावं. निम्म्या नोंदींचं नाव त्या मेलनंतर पुन्हा कुणी काढत नाही. आणि स्वतःचा पासवर्ड कुणाला देऊ नकोस. 1 एप्रिल 2023पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहणं सक्तीचं आहे. तिथे तुझ्या नावापुढे दुसऱ्याची करणी नको.

तरीही दबाव आला, तर लक्षात ठेव, तुझी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. तिथे तक्रारीची रीतसर यंत्रणा असायलाच हवी. गरज पडली तर ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येतं. ते धोरण रुजू होतानाच वाचून ठेव, गळ्याशी आल्यावर शोधत बसू नकोस.

आणि पहिल्या पगारापासून एक वेगळं खातं काढ. सहा महिन्यांचा घरखर्च त्यात जमेपर्यंत दुसरी हौस नाही. मी पाहिलेली बरीचशी माणसं लबाड नव्हती, त्यांच्या डोक्यावर हप्ते होते आणि पुढच्या महिन्याची सोय नव्हती. तू मागे स्कूटर घ्यायचं म्हणाली होतीस. तोवर माझी घेऊन जा, गुडघ्यामुळे आता मी ती चालवत नाही.